मुलांच्या वेडात आपण कितपत वेडं व्हायचं?

दुपारची_सावली

नमस्कार मंडळी. आमचे चिरंजीव सात वर्षांचे आहेत आणि सध्या आमच्या घरात टायटॅनिक बुडतंय. रोज. सकाळी दात घासताना बुडतं, जेवताना बुडतं, आणि झोपायच्या आधी तर हमखास. याआधी लिफ्ट होत्या (कुठल्याही बिल्डिंगमधे गेलो की आत किती माणसं आणि किती किलो ते वाचून झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही), त्याआधी ज्वालामुखी, त्याआधी कचऱ्याची गाडी. प्रत्येक वेड असं येतं की वाटतं आता हे जन्मभर राहणार, आणि एक दिवस उठून बघावं तर गायब, त्याचं नाव काढलं तरी साहेब आपल्याकडे असं बघतात की हे काय जुनं काढलंस.

तर प्रश्न असा की मला खरंच कंटाळा येतो हो. नवरा यात मस्त रमतो, दोघं जमिनीवर पसरून पुठ्ठ्याचं जहाज करतात, चार धुराडी लावतात, मग चौथं धुराडं खरं धूर सोडायचं की नाही यावर वाद घालतात. मी आपली "हो का", "अरे वा", "बापरे" यावर दिवस काढते आणि पोरगं हुशार आहे, मधेच थांबून विचारतं, आई मी आत्ता काय म्हणालो सांग. मग माझी त-त-प-प.

खोटाखोटा रस दाखवावा का? की सरळ सांगावं की बाबा रे मला यातलं काही कळत नाही आणि आवडतही नाही? पुस्तकं, मॉडेलं यात पैसे घालावेत का, कारण महिन्या-दोन महिन्यांत हे संपणारच. आणि अजून एक, हे प्रकरण शेवटी माणसं मरण्याचं आहे. दिवे बंद केले की अंधारात प्रश्न येतो, "पण बोटी कमी का ठेवल्या त्यांनी?" यावर काय बोलू कळत नाही.

शेपटीवाला_बाबा

आमच्याकडे डायनासोर, त्यामुळे तुमचं दुःख समजू शकतो, आमच्या दुःखाला तर नावंसुद्धा उच्चारता येत नाहीत अशी असतात. पाकीसेफॅलोसॉरस म्हणून दाखवा एका दमात.

माझं मत: खोटा रस दाखवू नका, पोरांना तो वासावरून कळतो. पण "मला कळत नाही" हे मात्र बिनधास्त सांगा, आणि तिथेच न थांबता "तू सांग" म्हणा. मुलीला मी शिकवायला जायचो तेव्हा ती दोन मिनिटात उठून जायची, आता ती मास्तरीण आणि मी शेवटच्या बाकावरचा ढ, तर तासभर चालतं. दिवसभर तिला सगळेच काहीतरी शिकवत असतात, समजावत असतात, चुका काढत असतात. घरात एक विषय तरी असा हवा ना जिथे बाबापेक्षा तिला जास्त कळतं आणि तेही खरोखर, उगाच लाडाने म्हणायचं म्हणून नाही.

एक किस्सा सांगतो. मी एकदा खेळताना टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस यांची मारामारी लावून दिली, आवाज वगैरे काढून, अगदी रंगात आलो होतो. हिने दोघांना शांतपणे उचललं, स्टेगोसॉरसला खोलीच्या त्या टोकाला नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे दोघं कधी भेटलेच नाहीत." मला वाटलं काहीतरी गोष्ट रचतेय. नंतर बघितलं तर बरोबर! स्टेगोसॉरस साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स आला तो 6 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी वगैरे. म्हणजे त्या दोघांमधे 8 कोटी वर्षांचं अंतर आणि टी-रेक्स आणि आपल्यात त्याहून कमी. मी चाळिशी गाठली आणि हे मला माहीत नव्हतं, माझ्या डोक्यात सगळे डायनासोर एकाच वेळी एकाच चिखलात उभे होते. त्या दिवसापासून मला खरंच रस वाटायला लागला, पण माझा रस वेगळा आहे, मला हे काळाचं गणित आवडतं आणि तिला दात, नखं, शेपट्या. चालतं की.

कोरडा_ठणठणीत

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

आईबापाने प्रत्येक गोष्टीत घुसायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? मला लहानपणी नाण्यांचं आणि काड्यापेट्यांच्या चित्रांचं वेड होतं, घरात कुणीही त्यात लक्ष घातलं नाही, आणि त्याचीच तर मजा होती. ते माझं होतं. आता पोराने एक रॉकेट काढलं की लगेच रॉकेटचं पुस्तक, रॉकेटचा टीशर्ट, रॉकेटचा वाढदिवस, मग वीकेंडचा वर्ग, मग त्याचं सर्टिफिकेट, आणि ते सर्टिफिकेट फॅमिली ग्रुपवर. पोराला फक्त रॉकेट काढायचं होतं हो.

आणि हे नुसतं माझं कुरकुरणं नाही. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं तीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात पेनं मोकळी ठेवून बघितलं कोण आपणहून घेतं. तर सर्टिफिकेटच्या बोलीवर चित्रं काढलेली पोरं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत बसली. न सांगता ज्यांना मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही, आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं की ते वाईट.

तेव्हा ताई, तुम्ही कंटाळता ना, खुशाल कंटाळा. बापाला आवडतंय, तो करतोय, पुरे झालं. दोघांनीही पोराच्या जहाजात चढायची गरज नाही.

चौकोनी_चक्रम

कोरडे, तुमचं अर्धं पटलं 😀 पण आमच्या घरात भलतंच झालंय ते ऐका.

लेकीला क्यूबचं वेड लागलं, तोच तो रुबिकचा. ती व्हिडिओ बघून शिकत होती, मी नुसती शेजारी बसायचे. मग एकदा तिच्या हातातून क्यूब पडला आणि कोपऱ्याचा एक तुकडा सुटून आला, तिने तो दाबून परत बसवला आणि त्यानंतर क्यूब सुटेचना. सगळं जमायचं, खालचा थर, मधला थर, वरचा पिवळा क्रॉस, आणि शेवटी तो एक कोपरा हटकून तिरका. बाकी सगळं जागेवर आणि तो एकटा मान वाकडी करून उभा. रडारड झाली. मला वाटलं हिचंच काहीतरी चुकतंय म्हणून मी हातात घेतला, आणि तिथे मी गेले ती गेलेच.

नंतर कळलं की एकच कोपरा जागच्या जागी फिरलेला असेल तर तो क्यूब कसाही फिरवला तरी सुटूच शकत नाही. चूक हाताची नाही, जोडणीची. क्यूब पूर्ण खोलून डोळे मिटून परत जोडला तर 12 पैकी एकाच वेळी तो सुटण्यासारखा जोडला जातो म्हणे. तो कोपरा काढून योग्य बाजूने बसवला आणि झालं. पण मधल्या काळात मला हे कळलं होतं की मधले सहा तुकडे एकमेकांची जागा कधी बदलतच नाहीत, पांढऱ्याच्या समोर कायम पिवळाच, आणि हे एकदा डोक्यात बसलं की तो रंगांचा गोंधळ वाटत नाही, त्याला हाडं दिसायला लागतात. 43 वर 18 शून्यं इतक्या वेगवेगळ्या अवस्था आणि त्यातल्या कुठल्याही अवस्थेतून जास्तीत जास्त 20 चालीत सुटतो, हे 2010 मधे कॉम्प्युटरवर सिद्ध केलंय. (20 चालीत सोडवायचा देवाने, मला शंभरच्या वर लागतात.)

तर मुद्दा असा की लेक आता मांजरांची चित्रं काढते. क्यूब ढुंकूनही बघत नाही. आणि मी रात्री सगळे झोपले की बसते. परवा अंधारात खडखड ऐकून उठली आणि म्हणाली, आई तू अजून तेच करतेस?? तिच्या आवाजात जी कीव होती ना.

पहिले काही दिवस मी तिला ओढायचा प्रयत्न केला, चल ना टाइम लावूया वगैरे, पण तिचं मन उडालं होतं, ती माझ्यासाठी म्हणून दोनदा खेळली आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग सोडलं. तिचं संपलं तर संपलं. माझं माझ्याकडे.

दुपारची_सावली

चौकोनी, अगं मी मोठ्याने हसले ऑफिसात.

@कोरडा_ठणठणीत, तुमचं वाचून खूप बरं वाटलं पण प्रॉब्लेम असा आहे की त्याला मीच हवी असते. बाबा ऑलरेडी पार्टीत आहे, त्याला पटवायचं काय राहिलंय. मी म्हणजे अजून न जिंकलेला प्रदेश.

पाटीपेन्सिल

लहान मुलांना शिकवते म्हणून थोडं. असं एकाच विषयाचं झपाटलेपण अजिबात दुर्मिळ नाही. 2007 साली डीलोश आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलंय, त्यांना साधारण एक तृतीयांश लहान मुलांमधे अशी तीव्र आवड दिसली, मुलग्यांमधे बरीच जास्त, आणि सुरुवात पुष्कळदा दोन वर्षांच्याही आधी. गाड्या, विमानं, ट्रेन हे नेहमीचे मानकरी. 1983 चा अजून एक अभ्यास आहे, साडेचार वर्षांच्या एका मुलाला 40 डायनासोर माहीत होते, आणि चि आणि कोस्की या संशोधकांनी हे बघितलं की जे त्याला नीट माहीत होते ते त्याच्या डोक्यात एकमेकांना जोडलेले होते, हा काय खातो, तो कुणासारखा दिसतो असे. वर्षाने परत विचारलं तेव्हा ते नीट जोडलेलेच जास्त आठवले, बाकीचे बरेचसे गळून गेले. म्हणजे पोरगं वेड बदलतं तेव्हा सगळं पाण्यात जात नाही, गोष्टी एकमेकांना कशा जोडायच्या याची सवय उरते.

काही पालक वेगळ्याच काळजीने विचारतात म्हणून एका वाक्यात, नुसतं वेड आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, पण बोलणं, इतर मुलांत मिसळणं, झोप, रोजचे व्यवहार यातही काही खटकत असेल तर मुलांच्या डॉक्टरांशी बोलावं.

पैशाचं म्हणाल तर आधी वाचनालय, मग पुठ्ठा, आणि विकत काय आणायचं ते त्याने तिसऱ्यांदा मागितल्यावर.

आता बोटींचा प्रश्न. "झोप आता" म्हणून तो जाणार नाही, खरं उत्तर द्या, कारण खरं उत्तर त्याला कळण्यासारखं आहे. जहाजावर 20 बोटी होत्या, त्यात 1178 माणसं मावली असती, आणि जहाजावर होती 2200 च्या आसपास. पण तेव्हाच्या ब्रिटिश नियमाने त्यांना 16 च बोटी पुरल्या असत्या! तो नियम जहाजाच्या टनांवर होता, माणसांवर नाही, आणि वरचा टप्पा 10000 टनाला संपायचा. टायटॅनिक 46000 टनांच्या वर. जहाजं वाढली आणि नियम तिथेच राहिला. त्यानंतर 1914 मधे देशांनी एकत्र बसून करार केला आणि सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी हव्यात असं ठरलं. मुलांना मरणाचा प्रश्न पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्यांना "मग कुणी काही केलं का" हे हवं असतं.

शेपटीवाला_बाबा

हे टनांचं भारी आहे, मलाच माहीत नव्हतं.

कोरडेसाहेब, तुमच्या काड्यापेट्यांबद्दल पूर्ण आदर आहे पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. शेजारी बसणं वेगळं आणि ताबा घेणं वेगळं. चौकोनी यांनी क्यूब हातात घेतला तेव्हा लेकीला सर्टिफिकेट नाही दिलं, स्वतःच अडकल्या.

कोरडा_ठणठणीत

ते मान्य. अडकलेल्या आईवर माझा आक्षेप नाही, मॅनेजर झालेल्या आईवर (आणि बापावर, बापावर जास्तच) आहे.

पण एक विचारतो, शेजारी बसणाऱ्यांपैकी किती जण हातातला फोन ठेवून बसतात? अर्धा कान देण्यापेक्षा सरळ सांगावं की आत्ता नाही, जेवण झाल्यावर सांग, आणि मग जेवण झाल्यावर खरंच ऐकावं.

झेंडूचे_आजोबा

नातवाला देशांचे झेंडे. मी रिटायर्ड, मला वेळच वेळ, म्हणून मलाही झेंडे. नेपाळचा सोडून सगळ्या देशांचे चौकोनीच. चाड आणि रोमानियाचे शेजारी ठेवले तर मला फरक दिसत नाही, नातू म्हणतो निळा जरा वेगळा आहे. इंडोनेशिया आणि मोनॅकोचे रंग तेच, फक्त लांबी-रुंदीत फरक. पॅराग्वेच्या झेंड्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी चित्रं, हे त्याने मला सांगितलं आणि मी म्हटलं थापा मारतोस, तर पुस्तक घेऊन आला.

सावलीताई, एक सुचवू का? विषय त्याचा राहू दे पण त्यातला आपल्याला आवडेल असा कोपरा शोधा. मला झेंड्यांच्या रंगात शून्य रस, पण झेंडा कधी बदलला आणि का, यात आहे, कारण मला इतिहास आवडतो. तुम्हाला यंत्रं आवडत नसतील तर त्या जहाजावरची माणसं बघा. व्हायोलेट जेसप नावाची एक बाई होती, स्ट्युअर्डेस. टायटॅनिकच्या दोन बहिणी होत्या, ऑलिंपिक आणि ब्रिटानिक. 1911 मधे ऑलिंपिकची एका युद्धनौकेशी टक्कर झाली तेव्हा ही बाई त्यावर. 1912 मधे टायटॅनिकवर. 1916 मधे ब्रिटानिक पाणसुरुंगाने बुडालं तेव्हा त्यावर नर्स म्हणून. तिन्हीतून वाचली आणि 1971 पर्यंत जगली. आणि तिन्ही वेळा नंतर परत जहाजावरच नोकरीला गेली, मला ते जास्त थोर वाटतं.

दुपारची_सावली

आजोबा!!! तुम्हाला साष्टांग.

काल रात्री दिवा घालवला, नेहमीप्रमाणे बोटींचा प्रश्न आला, आणि मी पाटीपेन्सिल यांचं टनांचं उत्तर दिलं. तो उठून बसला. म्हणे दिवा लाव. मग कागदावर 20 बोटी काढल्या, त्यातल्या 4 वर तारा केला, म्हणे या "नियमाच्या वरच्या". मग मी हळूच विचारलं, तुला व्हायोलेट जेसप माहितीये का? त्याला माहीत नव्हतं!! माझ्या पोराला टायटॅनिकमधलं काहीतरी माहीत नव्हतं आणि मला होतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं, आणि मंडळी मी मान्य करते की मला आसुरी आनंद झाला. आधी विश्वासच बसला नाही त्याचा, मग बाबाला उठवून विचारून आला, बाबालाही माहीत नाही, मग माझा भाव एकदम वर.

मग ब्रिटानिक किती वेळात बुडालं ते शोधलं आम्ही दोघांनी. टायटॅनिकला हिमनगाची धडक रात्री 11:40 ला आणि बुडालं 2:20 ला. ब्रिटानिक तर 55 मिनिटातच गेलं, तरी हजारावर माणसांपैकी 30 च गेली. का, तर दिवसा झालं, पाणी उबदार होतं, आणि बोटी पुरेशा होत्या. "बघ, शिकले ते" असं म्हणून झोपला. मी मात्र नंतर कितीतरी वेळ ती बाई परत नोकरीवर कशी गेली असेल याचा विचार करत जागी.

कंटाळा पूर्ण गेलाय असं नाही हां. धुराड्यांचा विषय निघाला की अजूनही डोळे मिटतात. तेव्हा मी आता सरळ सांगते, धुराडी बाबाला सांग, माणसं मला. चाललंय तसं.

आता नवीन प्रश्न आलाय, समुद्राच्या तळाशी टायटॅनिकचं लोखंड खाणारे जंतू खरंच असतात का? शाळेतल्या मित्राने सांगितलंय. मला वाटतं मित्र फेकतोय.

चौकोनी_चक्रम

मित्र फेकत नाहीये. हॅलोमोनास टायटॅनिके नावाचे जिवाणू आहेत, जहाजावर जे गंजाचे झुंबरासारखे लोंबते घोस तयार झालेत ना त्यातच सापडले, 2010 मधे त्यांना नाव दिलं, जहाजावरूनच. तळ आहे साधारण 3800 मीटर खोल, तिथे ते आरामात राहतात.

आता मला कसं माहीत विचारू नकोस. तुझा धागा वाचून मी दोन दिवस टायटॅनिकवरच आहे, क्यूब कपाटात.